चटणीचा डबा आणि महिनाअखेरचं कालवण

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, बुट्टी रिकामी होत आलेली असते, मटणाचा विषय कुणी काढत नाही, आणि स्वयंपाकघरात उरलेलं असतं ते असं: थोडी तूरडाळ, वाटी-दोन वाट्या मसूर किंवा मटकी, शेंगदाणे, जोंधळ्याचं पीठ, कांदे, लसूण. कोल्हापूरच्या घरात याच्या जोडीला आणखी एक डबा असतोच, तो म्हणजे वर्षाच्या चटणीचा. बाजारात तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. एवढ्या सामानात पाच माणसांचं चवदार जेवण होतं, आणि रोज होऊ शकतं. त्यासाठी जास्त मसाला लागत नाही. मसाल्यातली चव कशात उतरते, किती तापाला सुटते आणि कधी जळून जाते, हे मात्र कळावं लागतं.

आधी पैशांचं बघू. मसाले महाग वाटतात, कारण आपण किलोचा भाव ऐकतो. समजा जिरं 400 रुपये किलो आहे. फोडणीला लागणारं चमचाभर जिरं अडीच ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे ते झालं एक रुपयाचं. मोहरी त्याहून स्वस्त, हळद पाव चमचा, हिंग चिमूटभर. पाच जणांच्या आमटीच्या फोडणीतला सगळा कोरडा मसाला मोजला तरी तो त्याच फोडणीतल्या तेलापेक्षा महाग पडत नाही. बजेट मोडतं ते तेलाच्या जादा पळीनं, सुक्या खोबऱ्यानं, काजूनं, गॅसनं, आणि दर पदार्थाला वेगळ्या आणलेल्या मसाल्याच्या पाकिटांनी. पाकीट उलटून मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, त्यामुळे आपण कशाचे पैसे देतोय ते लगेच कळतं. बऱ्याच पाकिटांत सुरुवातीला धने, मिरची आणि मीठ हेच असतं, आणि ते तर घरात आधीच आहे.

चव कुठं लागते

जिभेला कळणाऱ्या मूळ चवी पाचच: गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी उमामी. उमामी म्हणजे मटणाच्या रश्श्यात, पिकलेल्या टोमॅटोत किंवा सुकटीत लागते ती भरीव चव. बाकी आपण ज्याला 'चव' म्हणतो तो बहुतेक सगळा वास असतो. घास चावताना त्यातले उडून जाणारे सुगंधी अंश घशाच्या मागच्या बाजूनं नाकात चढतात आणि मेंदू ते जिभेच्या खात्यावर मांडतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते यामुळेच. जिरं, धने, लवंग, दालचिनी, दगडफूल हे सगळे वासाचे कारभारी आहेत, आणि त्यांचं काम किती होईल हे त्यांच्यातलं सुगंधी तेल आपण किती मोकळं करतो आणि किती राखतो यावर ठरतं.

तिखटपणा यात कुठंच बसत नाही. ती चवही नाही आणि वासही नाही. शरीरात भाजल्याची सूचना देणारी एक यंत्रणा आहे, ती साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की जागी होते. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच यंत्रणेला चाळवतं, म्हणून गार ठेचा खाल्ला तरी तोंड पेटतं. कॅप्सेसिनच्या मागावर राहूनच डेव्हिड ज्युलियस यांनी ही यंत्रणा शोधली, आणि त्या कामासाठी त्यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अर्धं मिळालं. आपल्या दृष्टीनं यातला अर्थ साधा आहे: कालवण सपक लागलं म्हणून तिखट वाढवलं तर आग वाढते, सपकपणा तसाच राहतो. कोल्हापुरी म्हणजे नुसतं जाळ, असं बाहेर समजलं जातं आणि काही हॉटेलांनी ते खरंही करून दाखवलंय. घरच्या चांगल्या तांबड्या रश्श्यात मात्र रंग बेडगी मिरचीचा असतो, आणि बेडगी दिसते तेवढी तिखट नसते.

तोंड पोळलं की पाणी पिऊन फरक पडत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ते विरघळतं तेला-तुपात, आणि दुधा-दह्यातलं प्रथिन त्याला धरून जिभेवरून उचलतं. तांबड्याबरोबर पांढरा रस्सा पिण्याची आपली रीत त्या दृष्टीनंही शहाणपणाची आहे, कारण पांढऱ्यात नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा असतो.

फोडणीत काय घडतं

उघड्या पातेल्यात पाणी कितीही उकळा, ते 100 अंशांच्या वर जात नाही. तेल सहज 170-180 अंशांपर्यंत जातं. मसाल्यांतले बहुतेक सुगंधी अंश पाण्यात नीट उतरत नाहीत, तेलात उतरतात. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की फोडणी का करतात ते कळतं. गरम तेल दाण्याच्या आतला सुगंध बाहेर ओढतं, स्वतःत मुरवतं आणि मग सगळ्या आमटीत पसरवतं. चमचाभर जिरं तसंच उकळत्या डाळीत टाकलं तर ते दाताखाली आलं तरच कळतं. तेच आधी तेलात फुललं की पातेलंभर पोचतं. खर्च तोच, आणि मसाला पुरेपूर वसूल होतो.

क्रमालाही कारण आहे. मोहरी आधी, कारण ती थर्मामीटरचं काम करते. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटला की तेल पुरेसं तापलं असं समजावं. मग जिरं, त्याला काही सेकंद पुरतात. हिंगाचा कच्चा वास उग्र असतो, गरम तेलात तो निवळतो आणि कांदा-लसणासारखा गोडसर होतो, म्हणून कांदा महागला की हिंग जरा सढळ हातानं वापरावा. कढीपत्त्यात पाणी असतं, त्यानं तेल तडतडतं आणि किंचित उतरतं, आणि त्या उतरलेल्या तेलात हळद घालावी. चटणी सगळ्यात शेवटी.

तिखटाची पूड इतकी बारीक असते की तापलेल्या तेलात ती बघता बघता काळी पडते, कडू होते, रंग जातो, घरभर ठसका उठतो. यावर बिनखर्चाचा उपाय आहे. चटणी वाटीत घेऊन दोन-तीन चमचे पाण्यात कालवायची आणि ते दाटसर मिश्रण फोडणीत सोडायचं. पाणी आटेपर्यंत तापमान 100 अंशांच्या आसपास अडतं, चटणी जळत नाही. पाणी उडालं, कडेनं तांबडं तेल सुटायला लागलं, की ती परतली गेली. लगेच कढत पाणी ओतायचं. गार पाणी ओतलं तर आलेली उकळी मोडते आणि ती परत आणायला गॅस जातो.

लसणाचं वेगळं आहे. अख्ख्या पाकळीला जवळजवळ वासच नसतो. ती ठेचली की तिच्यातले दोन वेगवेगळे कप्पे फुटून एकत्र येतात आणि लसणाचा तो खमंग उग्रपणा तयार करणारं ॲलिसिन तेव्हा बनतं. तापानं ही क्रिया थांबते. म्हणून लसूण ठेचून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवावा, मग तेलात टाकावा. चार पाकळ्यांत आठांचं काम होतं.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फोडणीचा घमघमाट दारापर्यंत गेला की आपल्याला बरं वाटतं, पण तो सुगंध म्हणजे पातेल्यातून निघून गेलेली चव असते. फोडणी डाळीवर ओतली की त्याच क्षणी झाकण ठेवावं आणि दोन मिनिटं उघडू नये. हे झाकण फुकट आहे, आणि त्याचा फरक पहिल्या दिवसापासून कळतो.

चटणी म्हणजे आधी करून ठेवलेला स्वयंपाक

मार्च ते मे या दिवसांत कोल्हापुरात गल्लोगल्ली मिरच्या वाळत पडलेल्या दिसतात आणि डंकावर, म्हणजे चटणी कुटून देणाऱ्या गिरणीवर, रांगा लागतात. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, प्रमाण घरागणिक वेगळं. बेडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. संकेश्वरी शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या नावाची, आणि आपल्या गडहिंग्लज भागातही ती पिकते. या मिरच्यांबरोबर धने, जिरं, तीळ, खसखस, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र, हळकुंड, हिंग भाजून किंवा तळून जातं. मीठ जातं. आणि शेवटी तळलेला कांदा आणि लसूण.

चटणीचं खरं मोल या तळलेल्या कांद्यात आहे. कांदा, खोबरं, धने असं काहीही भाजताना तांबूस होतं तेव्हा त्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी जुळून शेकडो नवे वास तयार होतात. हे भराभर घडायला साधारण 140 अंशांचा ताप लागतो, म्हणून पाण्यात शिजणाऱ्या भाजीत ते होतच नाही. रोज कांदा तसा तांबूस करायचा तर वीस-पंचवीस मिनिटांचा गॅस आणि दोन-तीन पळ्या तेल जातं. चटणी करताना हे काम वर्षाचं एकदम उरकलेलं असतं. कामावरून संध्याकाळी सातला घरी येणारी बाई पंधरा मिनिटांत कालवण करते आणि तरी ते तासभर शिजल्यासारखं लागतं, त्यामागे उन्हाळ्यातले ते दोन दिवस असतात. हिशेब मांडायचा तर हा भाग नक्की धरावा. डंकाचा खर्च आणि मिरचीचा भाव बघून चटणी महाग वाटते, पण तिच्यापायी वर्षभर वाचलेलं तेल, गॅस आणि वेळ कुणी मोजत नाही.

एकदम पाच किलो मिरची घेण्याइतके पैसे हातात नसतील तर दोघी-तिघींनी मिळून करावी, किंवा सरळ अर्धा किलो मिरचीची करावी. कांदा, लसूण, खोबरं, मीठ सगळं धरून तयार चटणी मिरचीच्या दुपटीच्या आसपास भरते. काटकसर करायची असेल तर खोबरं आणि खसखस कमी करा, धने वाढवा. खोबऱ्याच्या तेलकटपणामुळेच चटणी आधी खवट होते, तेव्हा कमी खोबऱ्याची चटणी टिकतेही चांगली. कांदा मात्र कमी करू नका, आणि तो पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत तळा. आत ओल राहिली तर बुरशी येते. चटणी टिकते ती कोरडेपणावर आणि मिठावर, म्हणून डब्यात ओला चमचा कधीच घालू नये.

पाच माणसांचा अख्खा मसूर

आता हे सगळं एका पातेल्यात आणू. अख्खा मसूर इस्लामपूर-कोल्हापूर पट्ट्यातल्या ढाब्यांवर तेलाच्या तवंगात मिळतो. घरी तो त्याच्या पाव तेलात तितकाच चांगला होतो.

पाव किलो मसूर चार-पाच तास भिजवा. भिजवल्यानं कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या तरी वाचतात. शिजवताना मीठ घातलं तर डाळ शिजत नाही असं बऱ्याच घरांत मानतात. मिठाचा तसा काही त्रास नाही. त्रास आंबटाचा आहे. चिंच, टोमॅटो, आमसूल यांच्यातलं आम्ल दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ विरघळू देत नाही, म्हणून आंबट घातलेलं कडधान्य तासभर उकळलं तरी दाताखाली कचकचतं. आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावर घालावं.

मसूर शिजेपर्यंत वाटण. एक मोठा कांदा गॅसवर थेट भाजा, बाहेरून काळा आणि आत मऊ. जळकी साल काढा. त्यात भाजलेले तीळ एक चमचा, शेंगदाणे एक चमचा, खोबऱ्याचा बोटभर तुकडा, आल्याचा छोटा तुकडा, आणि कोथिंबिरीच्या काड्या. काड्या लोक टाकून देतात, पण वास त्यांच्यातही भरपूर असतो आणि वाटणात त्या दिसतही नाहीत. खोबऱ्याचा दाटपणा हवा असेल तर शिजलेल्या मसुरातला पळीभर घोटून परत घाला. रस्सा दाट होतो आणि एक पैसा लागत नाही.

दोन पळ्या तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण. वाटण घालून ते तळाला चिकटायला लागेपर्यंत परता. तळाला लागलेलं खरवडून घ्या, चव तिथंच असते. मग पाण्यात कालवलेली दीड-दोन चमचे चटणी, तेल सुटलं की मसूर आणि कढत पाणी. दहा मिनिटं मंद आच, झाकण ठेवून.

आता चाखा. सपक लागत असेल तर चटणीच्या डब्याकडे हात नेऊ नका. आधी चिमूटभर मीठ, पण जपून, कारण चटणीत मीठ आहेच आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. मग चिंचेचा कोळ किंवा एक आमसूल. आंबटानं सगळी चव उठून येते आणि मीठही कमी लागतं. तिखट टोचत असेल तर गुळाचा खडा. या तीन गोष्टींनी जे होतं ते आणखी दोन चमचे मसाल्यानं होत नाही.

पाव किलो मसुरात 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे माणशी 12 ग्रॅम. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी पडतो, कडधान्यात तो भरपूर असतो, आणि कडधान्यात जे कमी असतं ते ज्वारी देते. भाकरी-कालवण हे पोटभर जेवण आहे, त्यात कमीपणा काही नाही.

हीच रीत सगळीकडे चालते. मोड आलेली मटकी, पुरणाच्या दिवशीचा कट, हुलगे म्हणजे कुळीथ, शेंगदाण्याचं कूट, पावसाळ्यात माळवं महागलं की उन्हाळ्यात घातलेले सांडगे. मूळ वस्तू बदलायची आणि आंबट बदलायचं: कटाला चिंच, हुलग्याला आमसूल, मटकीला वरून लिंबू. एवढ्यानं आठवडाभर तेच तेच वाटत नाही.

पाला-कोथिंबीर याबाबत एवढंच सांगते की कोथिंबिरीचा वास तापाला टिकत नाही, म्हणून पानं गॅस बंद केल्यावर घालावीत. धने हातानं चोळून त्याच्या दोन डाळी सुट्या कराव्यात आणि तुटक्या बादलीत पेराव्यात. महिना-सव्वा महिन्यात पानं मिळतात, आणि पावसाळ्यात जुडीचा भाव चढला तरी घरात असते. कढीपत्त्याचं रोप तर एकदा लागलं की वर्षानुवर्षं देतं.

मसाले कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून, पण अख्खे आणि थोडे थोडे घ्या. दळलं की हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो, सुगंध उडतो, आणि भेसळही पुडीतच सोपी असते. तिखटाची पूड विकत घेतली तर चिमूटभर पाण्याच्या ग्लासात वरून सोडून बघा. रंगाच्या रेघा खाली उतरायला लागल्या तर त्यात रंग मिसळलेला असण्याची शक्यता आहे. मसाल्याचे डबे शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, तिथली ऊब आणि वाफ दोन्ही त्यांना मारतात. जुन्या धन्या-जिऱ्यात जीव आहे का हे बघायला चार दाणे तळहातावर चुरडून हुंगा. वास मंद असेल तर कोरड्या तव्यावर भाजून आठवड्याभरात संपवा.

घरात लहान मूल किंवा अल्सरचा रुग्ण असेल तर वेगळं पातेलं मांडायची गरज नाही. मसूर शिजला, वाटण परतून झालं, की चटणी घालायच्या आधीच त्यांच्यापुरतं काढून घ्या, त्यात वरून तूप-जिऱ्याची फोडणी द्या. राहून गेलंच तर तवंग बाजूला सारून पळी खालून बुडवा. कॅप्सेसिन तेलात उतरतं, त्यामुळे तिखटाचा बराचसा भाग वर तरंगणाऱ्या तर्रीत असतो, आणि खालचा रस्सा पुष्कळ सौम्य निघतो.